एक्स-प्लेन १२ आणि रडर पेडल: घरी टेलव्हील शिकण्यासाठी कितपत उपयोगी?

एक्स-प्लेन १२ या संगणकावरच्या विमान सिम्युलेटरमध्ये सेसना १७२ आणि पायपर सुपर कब ही दोन्ही विमानं मुळातच मिळतात. टेलव्हील (शेपटीखाली छोटं चाक, जसं कबला) आणि ट्रायसायकल गिअर (नाकाखाली चाक, जसं सेसनाला) यांतला फरक समजून घ्यायला ही जोडी उत्तम आहे. मात्र रडर पेडलांचे (नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या पायपट्ट्यांचे) पैसे आधी बाजूला काढून ठेवा. सेसना नुसत्या जॉयस्टिकवरही निभावते, कब नाही.

सेसनाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, म्हणून किंचित तिरकी टेकली तरी ती आपोआप सरळ होते. कबचा गुरुत्वमध्य चाकांच्या मागे. नाक जरा वळलं की मागचं वजन बाहेर फेकलं जातं, वळण वाढत जातं आणि पाय वेळेवर चालले नाहीत तर ग्राउंड लूप होतो, म्हणजे विमान जमिनीवरच गर्रकन फिरतं. आपटून टेकल्यावर सेसनाचं नाक खाली येतं आणि लिफ्ट (पंखांची उचल) घटते. कबची शेपटी खाली जाते, लिफ्ट वाढते आणि विमान उसळतं. सिम्युलेटरमध्ये हे चांगलं जाणवतं. फक्त सेटिंगमधले स्टॅबिलिटी ऑगमेंटेशनचे तिन्ही स्लायडर शून्यावर हवेत, नाहीतर तुमचं अर्धं काम संगणकच करतो.

सरावासाठी मुंबईच्या जुहू विमानतळाची धावपट्टी २६ (दिशा सुमारे २६० अंश) निवडा, वारा शून्य ठेवा आणि सुरुवातीला उडूच नका. स्टिक पोटाशी ओढून थ्रॉटल सावकाश पुढे न्या. वेग आला की स्टिक सैल सोडा, शेपटी उचलेल. नेमक्या त्याच क्षणी प्रोपेलरच्या जायरोस्कोपिक परिणामाने नाक डावीकडे जातं, तेव्हा उजवा पाय तयार हवा. पेडल दाबून धरू नका. थोडं दाबा, लगेच सोडा. दाबून धरलं की विमान उलट बाजूला पळतं आणि मग दोन्ही पायांची ओढाताण सुरू होते. यानंतर थ्रॉटल बंद करून सरळ थांबायचा सराव करा. घोळ बहुतेक इथेच होतो: वेग उतरताना रडरची पकड जाते आणि विमान टेकलं म्हणून शिकणारा निर्धास्त होतो. पूर्ण थांबेपर्यंत स्टिक मागेच हवी. ब्रेक जोरात मारले तर कब नाकावर उभं राहतं.

हे जमलं की वारा ३५० अंशांवरून ८ नॉट ठेवा. तो बरोबर उजवीकडून काटकोनात येतो. उतरताना उजवा पंख खाली, डाव्या पायाने नाक सरळ. मग हेच सेसनावर करून पाहा. तिथे किती चुका खपून जातात ते लगेच कळेल.

उणिवाही आहेत. विमान बाजूला सरकताना खुर्चीत जो झोल जाणवतो, तो घरी मिळत नाही. एकाच पडद्यावर धावपट्टीच्या कडा दिसत नाहीत, त्यामुळे तीन चाकांवर एकदम टेकणं अवघड जातं. आधी मुख्य चाकांवर उतरण्याचा सराव करा. घरचे हे तास परवान्याच्या लॉगबुकात धरले जात नाहीत.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन पेडल घेताना हॉल सेन्सरची (चुंबकाने, न घासता हालचाल मोजणारी) आहेत का, हे विचारा. पोटेन्शिओमीटरची (घासणाऱ्या संपर्काने मोजणारी) पेडलं झिजून, धूळ बसून थरथरता सिग्नल देऊ लागतात आणि कब विनाकारण डोलतं. टो ब्रेक (पेडलाच्या वरच्या भागाला पायाच्या पुढच्या भागाने दाबायचे ब्रेक) दोन्ही पायांना वेगवेगळे हवेत. मधली स्प्रिंग फार कडक नको, कारण बारीक हालचाल मधल्या भागातच होते. गुळगुळीत लाद्यांवर पेडलं पुढे आणि चाकांची खुर्ची मागे सरकते. खाली रबरी मॅट टाका आणि खुर्ची बिनचाकाची घ्या.