वर्षाचं काँट्रॅक्ट की सेक्टरातला मिस्त्री? एसी सर्व्हिसचा रिव्ह्यू, ऐरोलीहून

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांची सोय. वार्षिक काँट्रॅक्टला पाचपैकी दोन. आमच्या सेक्टरच्या मार्केटमधल्या एसीवाल्याला साडेचार. त्याचा अर्धा का कापला ते पुढे येईलच.

माझ्याकडे दोन एसी आहेत. दोन्ही दीड टनाचे, इन्व्हर्टर, आर-३२ गॅसचे, एकाच कंपनीचे, एकाच दिवशी बसवलेले. एक बेडरूममध्ये, तो मार्च ते जून आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात, तेही फक्त रात्री चालतो. दुसरा हॉलमध्ये. हॉलमध्ये माझा शिवणक्लास, सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत दोन बॅचेस, त्यात दोन इंटरलॉक मशिनी आणि एक सतत तापलेली इस्त्री. म्हणजे मशीन तेच, पण एकाचं आयुष्य सरकारी सुट्टीचं आणि दुसऱ्याचं लोकलच्या मोटरमनचं. ‘वर्षातून किती वेळा सर्व्हिस करायची’ या प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास का नाही, ते यातच आलं.

काँट्रॅक्टवाल्यांचं उत्तर एकच होतं: वर्षाला तीन. एक वेट (म्हणजे कॉइल पाण्याने धुणं), दोन ड्राय, दोन्ही एसींना सारखंच. तारखा कॉल सेंटर ठरवणार. बेडरूमच्या एसीची सर्व्हिस आली डिसेंबरात, तो महिनाभर बंद असताना. आणि हॉलचा एसी ऐन एप्रिलमध्ये धापा टाकत होता तेव्हा ‘मॅडम, तुमची पुढची ड्यू डेट ऑगस्टमध्ये आहे’ असं गोड आवाजात ऐकवण्यात आलं.

ड्राय सर्व्हिस म्हणजे काय, तर मुलगा आला, जाळ्या काढून बाथरूममध्ये नळाखाली धरल्या, पुढच्या झाकणावरून फडकं मारलं, कॉइलवर वासाचा फेस फवारला आणि ओटीपी मागितला. खरं तर ओटीपी त्याने चपला काढतानाच मागितला होता. इथे एक आगाऊ सूचना: काम संपून एसी दहा मिनिटं चालवून बघेपर्यंत ओटीपी द्यायचा नाही. एकदा दिला की त्यांच्या कागदावर तुमचं काम झालेलं असतं, मग कितीही फोन करा.

जाळी धुणं हे सर्व्हिसमध्ये मोजायचंच नाही, ते घरचं काम. माहितीपुस्तकात बहुधा दोन आठवड्यांनी धुवा असं लिहिलेलं असतं. माझ्या हॉलला ते पुरत नाही. इंटरलॉकची पाती कापडाची कड कापत जाते, तिची रुई हवेत उडते आणि थेट जाळीवर बसते. आठवड्याने जाळी काढली की तिच्यावरून अख्खा पापुद्रा सोलून निघतो, जाडसर, मऊ. त्याच्या रंगावरून त्या आठवड्यात काय शिवलं ते सांगता येतं. जूनमध्ये गणवेशांचा निळा, नवरात्राआधी चनिया-चोलीचा लाल-हिरवा, आणि कोणी वेल्वेटचा ब्लाऊज शिवायला घेतला तर विचारूच नका. शनिवारी क्लास सुटला की जिची पाळी असेल ती मुलगी स्टुलावर चढून जाळ्या उतरवते. साध्या पाण्याने, उलट्या बाजूने धार मारून धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. उन्हात ठेवल्या की प्लास्टिकची चौकट वाकते आणि मग खाचेत बसत नाही. बेडरूमची जाळी मात्र चालू मोसमात महिन्याने काढली तरी भागतं.

पण जाळीतूनही बारीक रुई आत जातेच. आतली कॉइल थंड आणि ओली, तिच्यावर ती चिकटते, धूळ धरते. मागचा लांबट पंखा असतो ना, ब्लोअर, त्याच्या पात्यांच्या खाचा भरत जातात. हवा कमी वाहिली की कॉइल गरजेपेक्षा जास्त गार पडते, प्रसंगी बर्फ धरते, आणि एसी बंद केला की तो वितळून भिंतीवर ओघळ येतात. खोली ठरलेल्या तापमानाला पोचतच नाही म्हणून इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसरही वेग कमी करत नाही. इन्व्हर्टरचे जास्तीचे पैसे आपण ज्यासाठी मोजले, तेच होत नाही. (रिमोटवर १८ लावून काही फरक पडत नाही, हे मी मुलींना रोज सांगते. २०२० पासून स्टार लेबलचे एसी मुळात २४ वर सुरू होतात, ते उगीच नाही.)

आता सेक्टरातल्या मिस्त्रीकडे येते. त्याच्याकडे गेले ते गॅसच्या भानगडीमुळे. काँट्रॅक्टच्या मुलाने बेडरूमच्या बाहेरच्या युनिटला गॅसचं प्रेशर मोजणारा गेज लावला आणि म्हणाला, “मॅडम, गॅस कम है, तीन हजार लगेगा.” मी विचारलं, गॅस गेला कुठे? म्हणाला, चालवून चालवून कमी होतो. तिथेच मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळीतच गोल फिरत असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार.

मिस्त्री आला, त्याने गेजला हातही लावला नाही. म्हणाला, “ताई, आधी धुतो, मग मोजतो. कॉइल घाण असेल तर प्रेशर तसंही कमीच दाखवणार.” एवढ्या एका वाक्यावर मी त्याला चार दिले असते. आतल्या युनिटखाली प्लास्टिकची झोळी बांधली, तिची नळी बादलीत सोडली, पीसीबीवर, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर, पिशवी गुंडाळली आणि जेट पंपाने कॉइल वरून खाली धुतली. ब्लोअरची पाती एकेक करून जुन्या टूथब्रशने. बादलीत आलेलं पाणी शाईसारखं काळं. ड्रेन पाईपमध्ये फुंकर मारली तर बोटभर लांबीचा बुळबुळीत गोळा बाहेर आला. हा शेवाळी चिकटा साचला की एसी घरात गळायला लागतो आणि लोक घाबरून ‘मोठा बिघाड’ समजतात.

धुण्याआधी त्याने एक छोटा डिजिटल थर्मामीटर आधी वरच्या बाजूला, जिथून एसी खोलीची हवा आत ओढतो तिथे धरला, मग थंड झोताच्या तोंडाशी. खोलीत ३०, झोत २३. धुऊन झाल्यावर पुन्हा पाहिलं तर झोत १८. पूर्ण जोरात चालताना या दोन आकड्यांत ८ ते १२ अंशांचा फरक पडला की एसी ठीक, असा त्याचा हिशोब. मग गेज लावला. प्रेशर व्यवस्थित. शिवाय सांगितलं की जुन्या आर-२२ च्या एसीला गेज साठ-सत्तर पीएसआय (प्रेशरचं माप) दाखवतो, आर-३२ ला सव्वाशेच्या आसपास किंवा वर हवा. आर-३२ च्या एसीला कोणी तुम्हाला साठ दाखवून ‘फुल आहे’ म्हणाला तर त्याला घरी पाठवा. माझे तीन हजार वाचले. त्याने घेतले सहाशे.

हॉलच्या एसीत मात्र गळती खरी निघाली. हे ऐरोली, कोपरखैरणे, वाशीकडच्या सगळ्यांनी नीट वाचावं. आमची खिडकी खाडीच्या बाजूला. ओहोटीला जो वास येतो तो सगळ्यांच्या ओळखीचा. त्या वाऱ्यात गंधकाचा वायू असतो आणि तो तांब्याला खातो. मिस्त्रीने कॉइलची बाजू उघडून दाखवली, नळ्यांचे वळसे काळेकुट्ट झालेले. “देव्हाऱ्यातली चांदीची वाटी लवकर काळी पडते ना तुमच्याकडे? तोच वारा हा.” पडते खरी, दर पंधरा दिवसांनी घासावी लागते.

त्याने उरलेला गॅस काढून घेतला, नायट्रोजन भरून प्रेशर दिलं आणि साबणाचं पाणी लावत गेला. तिसऱ्या वळशावर टाचणीच्या टोकाएवढा बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. आर-३२ थोडाफार पेट घेणारा गॅस आहे, त्यामुळे आत गॅस असताना डाक (ज्योतीने नळी सांधणं) लावू देऊ नका, कितीही घाईत असला तरी. डाक लावल्यावर पुन्हा नायट्रोजन, मग अर्धा तास व्हॅक्यूम पंप, आणि शेवटी बाहेरच्या युनिटच्या लेबलवर जितके ग्रॅम लिहिलेत तितका गॅस, वजनकाट्यावर बाटली ठेवून. काट्याशिवाय, नुसत्या अंदाजाने भरणारे बघितलेत, म्हणून हे मुद्दाम लिहिते. वर हेही सांगितलं की एक छिद्र पडलं म्हणजे दुसरंही पडेल, तेव्हा डाक लावत बसू नका, कॉइलच बदला. स्वतःचं पुढचं गिऱ्हाईक घालवणारा सल्ला.

तर माझं सध्याचं वेळापत्रक असं: हॉलला दोन वेट सर्व्हिस, एक फेब्रुवारीच्या शेवटी आणि दुसरी दिवाळीच्या ऑर्डरी उरकल्यावर. बेडरूमला एकच, फेब्रुवारीत. बाहेरची युनिटं वर्षातून एकदा, त्याच वेळी. कारण आमच्याकडे कबुतरं, आणि मागच्या खेपेला आतल्या बोर्डावर एक वाळलेली पालही निघाली. पालीने बोर्ड शॉर्ट होणं हा मुंबईकडचा नेहमीचाच खर्च. तुमच्या घरी शिवणयंत्र नसेल, रस्त्यालगत बांधकाम नसेल, कुत्रा-मांजर नसेल आणि एसी चारच महिने चालत असेल, तर वर्षातून एक चांगली वेट सर्व्हिस पुरते. तीन ड्राय घेऊन तिची बरोबरी होत नाही. मोसम संपला की एसी बंद करण्याआधी तासभर नुसत्या फॅन मोडवर चालवा, कॉइल वाळते आणि पुढच्या मार्चला पहिल्या झोताबरोबर ओल्या गोणपाटाचा वास येत नाही. मध्येच असा वास आला, पाणी टपकलं किंवा थर्मामीटरचा फरक आठच्या खाली गेला, तर महिना न बघता बोलवा.

वीजबिल किती कमी झालं असं दोघींनी विचारलं. इस्त्री त्याच मीटरवर आहे, तेव्हा आकडा देऊन कुणाची दिशाभूल करत नाही.

काँट्रॅक्टला शून्य न देता दोन का दिले? कारण मशीन वॉरंटीत असेपर्यंत बाहेरच्या माणसाला आतलं काही उघडू देणं धोक्याचं, कार्डावरच्या अटी आधी वाचा. आणि पार्ट धरून असलेलं महागडं काँट्रॅक्ट वॉरंटी संपल्यावर एखाद-दोन वर्षं परवडू शकतं. इन्व्हर्टरच्या पीसीबीचा मला सांगितलेला भाव आठ हजार होता. पण नुसत्या तीन सर्व्हिसचं स्वस्त काँट्रॅक्ट म्हणजे जाळी धुण्याचे पैसे.

मिस्त्रीचा अर्धा कापला त्याची कारणं. एप्रिल-मेमध्ये फोन उचलत नाही. बिल साध्या कागदावर लिहून देतो, वर तारीख टाकायला विसरतो. वेळ ‘अकरापर्यंत येतो’ सांगतो आणि दीड वाजता क्लासच्या ऐन गर्दीत शिडी घेऊन उभा राहतो. मात्र चौथ्या मजल्याच्या ब्रॅकेटवर उतरताना सेफ्टी बेल्ट नव्हता, तेव्हा पुतण्याला दुकानात पाठवून तो मागवला आणि तोवर थांबला. त्या दिवशी उशीर झाला, त्याचे गुण मी कापलेले नाहीत. फोन फेब्रुवारीत करा, दुपारी चारनंतर. तेव्हा उचलतो.