टेस्ट बेंच लॅनवर घेतल्यानंतर: एरर क्यू आणि स्टेटस रजिस्टरचा काही महिन्यांचा अनुभव

वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या कंट्रोल कार्ड तपासणीच्या बेंचवर गेले काही महिने तीन यंत्रं लॅनवरून पायथनने चालताहेत: प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय, साडेसहा अंकी मल्टिमीटर आणि इलेक्ट्रॉनिक लोड (ठरवलेला करंट ओढणारं यंत्र). अचूकतेबद्दल तिघांचीही तक्रार नाही. काय बिघडलंय हे यंत्र किती नीट सांगतं, यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक निघाला. ब्रोशरमध्ये याबद्दल एक ओळ नसते.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते टाइमआउटने. पायव्हिसात (यंत्रांशी बोलायची पायथन लायब्ररी) तो, म्हणजे उत्तराची वाट बघायची मर्यादा, मुळात 2000 मिलिसेकंद असतो. आपल्या 50 हर्ट्झवर मीटर 100 एनपीएलसीला (एका रीडिंगसाठी विजेची 100 आवर्तनं) ठेवला की एका रीडिंगलाच 2 सेकंद लागतात, ऑटोझिरो (रीडिंगसोबत शून्यही मोजणं) चालू असेल तर साधारण दुप्पट. मीटर बिचारा मोजतोय आणि इकडे स्क्रिप्ट ‘यंत्र उत्तर देत नाही’ म्हणून मोकळी. टाइमआउट 10,000 केला की हे संपतं. पण क्वेरीचं स्पेलिंग चुकलं तरी टाइमआउटच येतो, कारण यंत्र उत्तरच देत नाही. खरं कारण एरर क्यूमध्ये, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या चुकांच्या रांगेत, -113 (अनोळखी कमांड) म्हणून पडलेलं असतं. म्हणून टाइमआउट आला की केबल हलवण्याआधी क्यू वाचावा.

मात्र 5025 पोर्टवरच्या साध्या सॉकेटवर (थेट नेटवर्क जोडणीवर) एक वाईट खोड आहे. उशिरा आलेलं उत्तर बफरमध्ये राहतं आणि पुढच्या प्रश्नाला मिळतं. म्हणजे सगळी रीडिंग एका घराने सरकतात, आकडे दिसतात अगदी खरे! अशा वेळी आधी कनेक्शन बंद करून नव्याने उघडावं, मग क्यू वाचावा. व्हीएक्सआय-11 किंवा हायस्लिप या यंत्रांसाठीच्या प्रोटोकॉलवर डिव्हाइस क्लिअर (अडकलेलं संभाषण साफ करणारा संदेश) पाठवता येतो, आणि सर्व्हिस रिक्वेस्ट, म्हणजे यंत्राने स्वतःहून दिलेली हाकही मिळते. साध्या सॉकेटवर ती मिळत नाही.

क्यू वाचायचा तो ‘सिस्ट:एर?’ (SYST:ERR?) या कमांडने, शून्य येईपर्यंत. सगळ्यात जुनी चूक आधी येते. क्यू भरला तर शेवटी -350 दिसतो, म्हणजे त्यापुढच्या चुका गेल्या. उत्तर ‘0’ येतं किंवा ‘+0’, म्हणून अक्षरं जुळवू नयेत. स्वल्पविरामाआधीचा आकडा काढून तपासावा. लूपला तीसेक फेऱ्यांची मर्यादा घालावी, नाहीतर एखादं यंत्र तीच चूक परत परत सांगत बसतं.

‘*ईएसआर?’ (*ESR?) ही स्टेटस रजिस्टर विचारायची कमांड. या रजिस्टरात प्रत्येक बिट एका घटनेची खूण असतो, आणि एकदा वाचलं की ते पुसलं जातं. 32 म्हणजे कमांडची चूक, 16 अंमलबजावणीची, 8 यंत्राची, 4 क्वेरीची. भिंतीवरच्या स्क्रीनसाठी दुसरा प्रोग्रॅम तेच यंत्र विचारत असेल, तर तो मुख्य स्क्रिप्टच्या चुका परस्पर खाऊन टाकतो. वाचणारा एकच ठेवावा, बाकीच्यांनी त्याच्या लॉगमधून घ्यावं. यातला 128 फार कामाचा: यंत्र बंद होऊन पुन्हा चालू झालं. लाइट जाऊन आली की सप्लाय बहुधा आउटपुट बंद ठेवून उठतो, स्क्रिप्ट पुन्हा जोडली जाते आणि चांगली कार्डं नापास होत राहतात. प्रत्येक कार्डाआधी हा बिट बघून, दिसला तर सगळी सेटिंग पुन्हा पाठवणं आता सक्तीचं आहे.

क्यू रिकामा म्हणजे टेस्ट बरोबर, असं मात्र नाही. कार्डात शॉर्ट असेल तर सप्लाय करंट लिमिटवर जातो, 12 व्होल्टचे 3 होतात, आणि क्यू म्हणतो शून्य. ती कमांडची चूकच नाही ना! हे क्वेश्चनेबल रजिस्टरमध्ये (मोजमाप किंवा आउटपुट शंकास्पद असल्याची नोंद) दिसतं, आणि तेही कंडिशनमध्ये, म्हणजे आत्ताच्या स्थितीत बघावं. इव्हेंटमध्ये मघाचं अडकलेलं असतं. कोणता बिट कशाचा हे मॉडेलगणिक बदलतं, मॅन्युअल उघडावंच लागतं. मे महिन्यात शेडखाली ओव्हर-टेंपरेचरही इथेच कळतं.

घेण्याआधी डेमोवर पाच मिनिटं मागावीत. मुद्दाम चुकीची कमांड द्यावी, -113 यायला हवा. मर्यादेबाहेरचा व्होल्टेज द्यावा, -222 (किंमत मर्यादेबाहेर) यायला हवा. स्विच बंद-चालू करून 128 बघावा. सप्लाय आणि मीटर तिन्हीत पास. लोड मात्र स्वस्तातला: चुकीची कमांड गिळून गप्प बसतो, क्यू कायम शून्य. त्याला प्रत्येक सेटिंगनंतर तीच किंमत परत विचारून जुळवावी लागते, आणि लोड चालू केल्यावर प्रत्यक्ष करंट मीटरवर ताडून बघावा लागतो.