छोट्या विद्यापीठासाठी सिंथेटिक ट्रॅक : चार प्रकारांची पारख

छोट्या विद्यापीठात मातीचा ट्रॅक उखडून सिंथेटिक करायचे ठरले की बैठकीत पहिली चर्चा रंगाची होते आणि दुसरी ब्रँडची. पाया आणि निचरा हे विषय निघेपर्यंत निविदा उघडून झालेल्या असतात. पैसा मर्यादित असेल तर हाच क्रम उलटा हवा. बाजारात मिळणाऱ्या चारही प्रकारच्या ट्रॅकचे परीक्षण इथे त्याच नजरेने केले आहे : रोज दोन-तीनशे पावले झेलणारा, देखभालीला मोजकी माणसे असलेला आणि वर्षातून एक-दोन मोठ्या स्पर्धा होणारा ट्रॅक कोणता घ्यावा?

ऑलिंपिकमध्ये धावपटू पहिल्यांदा सिंथेटिक पृष्ठावर धावले ते १९६८ला, मेक्सिको सिटीत. तेव्हापासून साहित्य पुष्कळ सुधारले, तरी आजचे सगळे पर्याय चार कुळांत बसतात : स्प्रे-कोट, सँडविच, फुल पीयूआर (पूर्ण पॉलियुरेथेनचा) आणि कारखान्यातून गुंडाळ्या होऊन येणारा तयार ट्रॅक.

स्प्रे-कोट सर्वांत स्वस्त. खाली १० मिलिमीटरची एसबीआर या काळ्या कृत्रिम रबराच्या दाण्यांची चटई असते. दाणे १ ते ४ मिलिमीटरचे, पॉलियुरेथेन बाइंडरमध्ये, म्हणजे चिकटवणाऱ्या रसायनात, कालवून पेव्हर यंत्राने अंथरलेले. त्यावर ईपीडीएम या दुसऱ्या कृत्रिम रबराचे रंगीत बारीक दाणे पॉलियुरेथेनमध्ये मिसळून दोन हात फवारतात आणि त्याचा साधारण ३ मिलिमीटरचा थर होतो. चटई सच्छिद्र असल्यामुळे पाणी खाली उतरते आणि पावसानंतर ट्रॅक लवकर वापरता येतो. गोम आहे ती फवारणीत. पहिला हात घड्याळाच्या दिशेने मारला तर दुसरा उलट दिशेनेच मारला पाहिजे. घाईत दोन्ही हात एकाच बाजूने मारले तर प्रत्येक दाण्याचा एकच गाल रंगतो. मग सुरुवातीच्या रेषेवरून पाहिलेला लालभडक ट्रॅक वळणावरून मागे वळून पाहिला की काळपट दिसतो. दोष फक्त दिसण्याचा नाही. न झाकलेल्या बाजूने चटईचे दाणे उन्हाने आणि धावपटूंच्या बुटांच्या खिळ्यांनी सुटू लागतात. ताबा घेण्याआधी ट्रॅकवर दोन्ही दिशांनी एकेक फेरी मारली की पाच मिनिटांत हे कळते.

या प्रकारात पहिली लेन सगळ्यात आधी झिजते, कारण सराव तिथेच होतो. सराव तिसऱ्या-चौथ्या लेनमध्ये हलवला आणि खिळे ६ मिलिमीटरच्या वर जाऊ दिले नाहीत, तर वरचा थर बरीच वर्षे तग धरतो. चटई शाबूत आहे तोवर पुन्हा फवारून ट्रॅक नवा करता येतो, ही याची मोठी जमेची बाजू. चटईच ठिसूळ होईपर्यंत थांबले की मात्र सगळे खरवडावे लागते. आणखी एक, पालापाचोळा आणि माती छिद्रांत बसली की पाणी उतरणे बंद होते आणि सावलीच्या बाजूला शेवाळ धरते.

सँडविचमध्ये खालची चटई तशीच असते. तिची छिद्रे पोअर-फिलर या लेपाने बुजवतात, मग वर ३ ते ४ मिलिमीटर पॉलियुरेथेन ओतून त्यावर ईपीडीएमचे दाणे भरपूर पेरतात. थर वाळला की न चिकटलेले दाणे झाडून काढतात. पृष्ठ अभेद्य असते, खिळे चांगले सोसते, पकड दमदार असते. छोट्या विद्यापीठासाठी आमची पहिली पसंती यालाच. खालचा थर स्वस्त रबराचा असल्यामुळे खर्च आटोक्यात राहतो आणि झिजणारा वरचा थर खऱ्या अर्थाने घट्ट असतो.

याचे दुखणे म्हणजे फोड. पाण्याला वरून खाली जायला वाट नाही, तशी खालच्या ओलीला वर यायलाही नाही. डांबर नीट वाळलेले नसेल किंवा चटई पावसात भिजून तशीच झाकली असेल, तर पहिल्या कडक उन्हाळ्यात वाफ पृष्ठ उचलून धरते आणि पायाखाली पोकळ लागते. म्हणून डांबर टाकल्यावर निदान दोन आठवडे, शक्य असेल तर चार आठवडे थांबायचे. ओतकामाच्या दिवशी पृष्ठाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस जास्त आहे ना, ते मोजून नोंदवहीत लिहायचे. फिलर कंजूषपणे मारला असेल तर ओतलेले पॉलियुरेथेन चटईत मुरते आणि वर उरतो तो पातळ पापुद्रा. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, जाडी मोजली तरच सापडतो.

फुल पीयूआर म्हणजे तळापासून वरपर्यंत ओतलेले पॉलियुरेथेन, एकूण सुमारे १३ मिलिमीटर. दर्जाबद्दल प्रश्नच नाही. पण हे दोन घटकांचे रसायन आहे आणि मिश्रणाचे प्रमाण एका बादलीपुरते जरी चुकले तरी तेवढा पट्टा कायमचा मऊ आणि चिकट राहतो. तो कापून काढण्याशिवाय इलाज नसतो. रोजच्या सरावासाठी सँडविचपेक्षा यात जे जास्त मिळते, ते जास्तीच्या खर्चाच्या मानाने थोडे आहे. मोठ्या स्पर्धा सतत भरवणाऱ्यांनीच याच्या वाटेला जावे.

तयार गुंडाळ्यांचा ट्रॅक सगळ्यांना टीव्हीमुळे ठाऊक आहे. टोकियो २०२० आणि पॅरिस २०२४ या दोन्ही ऑलिंपिकचे ट्रॅक मोंडो कंपनीचे, याच प्रकारचे होते. कारखान्यात बनल्यामुळे जाडी सगळीकडे सारखी मिळते आणि मैदानावरच्या हवामानाचा साहित्यावर परिणाम होत नाही. पण हवामानाचा धोका टळत नाही, तो चिकटवण्यावर येतो. गुंडाळी आदल्या दिवशी उलगडून सैल होऊ द्यावी लागते, टोकांवर वजन ठेवून गोंद धरेपर्यंत थांबावे लागते आणि सांधे हातानेच बसवावे लागतात. घाई झाली तर थंडीत सांधे उघडतात. डांबरातला प्रत्येक खड्डा-उंचवटा या पृष्ठातून जसाच्या तसा वर उमटतो, कारण ओतलेला थर खड्डा थोडाफार भरून घेतो तसे इथे होत नाही. पाया अव्वल नसेल तर या प्रकारावर खर्च करणे व्यर्थ आहे.

आता मूळ मुद्दा, पाया. ४ मीटरची सरळ पट्टी पृष्ठावर कुठेही ठेवली तर तिच्याखाली ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. १ मीटरच्या पट्टीखाली ही मर्यादा ३ मिलिमीटर. आतल्या बाजूकडे आडवा उतार जास्तीत जास्त १ टक्का आणि धावण्याच्या दिशेने ०.१ टक्का. आठ लेनचा ट्रॅक ९.७६ मीटर रुंद, म्हणजे बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जेमतेम १० सेंटिमीटर उंच. एवढ्याशा फरकावर सगळे पाणी वाहून जायचे आहे, म्हणून चुकीला जागाच नाही. डांबराचा शेवटचा थर झाल्यावर टँकरने ट्रॅक भिजवायचा आणि वीस-तीस मिनिटांनी जिथे पाणी साचलेले असेल तिथे खडूने गोल करायचे. ही डबकी डांबरात दुरुस्त करणे सोपे असते. वर रबर आल्यावर ती ट्रॅकचे आयुष्य संपेपर्यंत राहतात. रोलर किंवा ट्रकमधून डिझेल सांडले असेल तर तो डाग धुऊन भागत नाही. डिझेलने डांबर विरघळते, म्हणून तेवढा तुकडा कापून नवा भरायला लावावा.

जाडीची तपासणीही विद्यापीठाने स्वतः करावी. सुईचा साधा खोलीमापक पुरतो. दर १० मीटरला, लेन बदलत बदलत टोचून आकडे लिहीत जायचे. आठ लेनच्या मूळ अंडाकृतीचे क्षेत्रफळ सुमारे ४,१८५ चौरस मीटर भरते, त्यामुळे करारातल्या १३ मिलिमीटरऐवजी ११ मिलिमीटर अंथरले की आठ घनमीटरांहून अधिक साहित्य गायब होते. १० मिलिमीटरच्या चटईला दर चौरस मीटरमागे साधारण ७ किलो दाणे लागतात. रिकाम्या गोण्या आणि बाइंडरचे ड्रम रोज मोजून ठेवले तर हिशोब तिथेच जुळतो किंवा फसतो. काही जागी जाड थर मुद्दाम हवा असतो : तिहेरी उडीच्या धावपट्टीचे शेवटचे १३ मीटर, बांबूउडी आणि भालाफेकीचे शेवटचे ८ मीटर, उंच उडीचे शेवटचे ३ मीटर इथे २० मिलिमीटर, आणि स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीत पाण्यात उतरण्याच्या जागी २५ मिलिमीटर. निविदेत हे वेगळे लिहिले नाही तर सगळीकडे एकच जाडी मिळते आणि त्याची झळ उडी मारणाऱ्यांच्या घोट्यांना पोचते.

प्रमाणपत्राबद्दल बऱ्याच ठिकाणी गैरसमज असतो. वर्ल्ड अॅथलेटिक्स या जागतिक संघटनेचे उत्पादन प्रमाणपत्र एवढेच सांगते की ते साहित्य प्रयोगशाळेत पास झाले, उदाहरणार्थ धक्का शोषण्याचे प्रमाण ३५ ते ५० टक्क्यांच्या आत आले. तुमच्या मैदानावर तेच साहित्य त्याच जाडीचे अंथरले का, हे त्यातून कळत नाही. सुविधेचे प्रमाणपत्र वेगळे असते. क्लास २ मध्ये मापे तपासली जातात आणि साहित्य प्रमाणित असावे लागते, तर क्लास १ मध्ये पृष्ठाची चाचणी जागेवर होते. छोट्या विद्यापीठाला क्लास २ पुरेसा आहे, मात्र जाडीची तपासणी त्यासोबत हवीच.

आठ लेनचा हट्टही सोडावा. सहा लेनची अंडाकृती आणि फक्त मुख्य सरळ पट्ट्यावर आठ लेन, अशी रचना केली तर पूर्ण आठ लेनपेक्षा सुमारे ९०० चौरस मीटर काम वाचते आणि १०० मीटर, ११० मीटर अडथळा या शर्यती आठ जणांच्या घेता येतात. मुख्य सरळ पट्टा १३० मीटरचा धरावा : सुरुवातीला ३ मीटर, शर्यतीचे ११० आणि थांबायला १७. या १७ मीटरांत कुंपण किंवा झाड येऊ देऊ नये. वाचलेला पैसा निचऱ्याच्या चरीत आणि पायात घालावा.

आतल्या फुटबॉल मैदानाचा मेळ घालताना बहुतेक नकाशे फसतात. प्रमाण ट्रॅकची आतली त्रिज्या ३६.५० मीटर आणि सरळ बाजू ८४.३९ मीटर. त्यात १०५ बाय ६८चे मैदान कागदावर बसते खरे, पण कोपऱ्यातला झेंडा ट्रॅकच्या कडेपासून एक मीटरही लांब राहत नाही. पाच सेंटिमीटर उंचीच्या त्या कडेवर, म्हणजे कर्बवर, खेळाडू पूर्ण वेगाने येतो. मैदान १०० बाय ६४ केले तर हेच अंतर साडेतीन मीटर होते. मोठे मैदान हवेच असेल तर कर्ब काढता येण्याजोगा घ्यावा आणि सामन्याआधी तो उचलायचे काम कुणाचे, हे लिहून ठेवावे.

डांबर पडण्याआधी ट्रॅकखालून १०० मिलिमीटरचे किमान चार रिकामे पाइप टाकून ठेवावेत : शेवटच्या रेषेजवळ फोटो-फिनिश आणि विजेसाठी, दुसऱ्या टोकाला पाण्यासाठी आणि पुढे कधी लागतील त्या दिव्यांसाठी. हे विसरलेल्या ठिकाणी पुढे नवा ट्रॅक आडवा कापावा लागतो आणि तो सांधा कधीच एकजीव होत नाही.

रेषा पॉलियुरेथेनच्या रंगाने मारलेल्या असाव्यात. साधा रंग पृष्ठासोबत लवत नाही, तडकतो. जुन्या ट्रॅकवर नव्याने रेषा मारताना ठेकेदार जुन्याच खुणा गिरवतात, आणि मग ४ बाय १०० रिलेचे बॅटन बदलायचे क्षेत्र चुकते. पूर्वी २० मीटरचे क्षेत्र आणि त्याआधी वेग घ्यायला १० मीटर अशी पद्धत होती, आता सलग ३० मीटरचे एकच क्षेत्र असते. ४ बाय ४०० साठी ते २० मीटरच आहे. मापे घेताना लक्षात ठेवायचे की पहिल्या लेनचे ४०० मीटर कर्बपासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजतात आणि बाकीच्या लेनचे आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटर बाहेरून. पट्टी कर्बला टेकवून मोजणाऱ्या माणसाला काम देऊ नये.

देखभाल अवघड नाही, पण नेमाने हवी. लांब उडीच्या खड्ड्याभोवती वाळू अडवणारी चर हवी, कारण वाळू खिळ्यांखाली सँडपेपरसारखी घासते. गवत कापण्याचे यंत्र ट्रॅक ओलांडते तिथे जाड चटई कायम अंथरलेली असावी. पाने झाडूने किंवा ब्लोअरने काढावीत, तारेचा ब्रश वापरू नये.

ताबा आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतरच, ही अट करारात घालावी. त्याच बॅचचे ईपीडीएम दाणे दोन-तीन गोण्या आणि बाइंडरचा नेमका तपशील कोठारात मागून घ्यावा. चार वर्षांनी पहिल्या लेनमध्ये ठिगळ लावताना तोच रंग आणि त्याच आकाराचा दाणा बाजारात मिळेल याची शाश्वती नसते.