आठ महिने, ६,४०० किलोमीटर आणि डावा पाय

गुढीपाडव्याला स्विफ्ट घरी आणली. पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, १,१९७ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन. माझं वय ४४, आणि त्याआधी अठरा वर्षं फक्त स्कूटी. क्लच आणि गिअर दोन्ही मला नवे. एएमटी, म्हणजे क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी गाडी घ्या, असं सगळ्यांनी सांगितलं. सुमारे ५० हजारांचा फरक होता, पण मी मॅन्युअल घेतली ती वेगळ्या कारणासाठी. आमच्या गावाकडे भावाची, दिरांची, शेजाऱ्यांची, सगळ्यांच्या गाड्या मॅन्युअल आहेत. आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर दारात उभी असेल ती गाडी मला काढता यायला हवी होती.

पक्कं लायसन्स तोवर हातात आलं होतं. पण क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. चौकात माझा पाय चुकला की ते गुपचूप आपला क्लच दाबायचे. गाडी बंद पडायची नाही आणि मला वाटायचं, मीच सांभाळली. वीस दिवसांत त्यांनी हे एकदाही सांगितलं नाही, याचा मला अजून राग येतो. स्वतःच्या गाडीत पहिल्या सकाळी सोसायटीच्या फाटकापर्यंत जाताना ती सात वेळा बंद पडली.

खरं शिकवलं ते भाच्याने. सकाळी साडेसहाला मोकळ्या मैदानावर नेलं आणि म्हणाला, "मावशी, उजवा पाय पार बाजूला ठेव. रेस द्यायचीच नाही. नुसता क्लच सोड, अगदी हळू." सपाट जागेवर पेट्रोल गाडी रेस न देताही पहिल्या गिअरमध्ये पुढे सरकते, हे मला माहीतच नव्हतं. क्लच पकडायला लागला की इंजिनाचा आवाज किंचित जड होतो, सीटखाली बारीक थरथर जाणवते. तिथे पाय थांबवायचा, गाडी चालू लागली की मग उरलेला सोडायचा. चार दिवस मी एवढंच केलं, रोज चाळीस-पन्नास वेळा. नवीन शिकणाऱ्या कुणालाही मी आधी हेच करायला सांगेन, स्टिअरिंग आणि गिअर नंतर.

त्यानेच क्लच प्लेट कशी घासते तेही समजावलं. इंजिनासोबत फिरणाऱ्या फ्लायव्हीलवर ती प्लेट दाबली जाते, तेव्हा इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. अर्धा क्लच दाबून ठेवला की ती घसरत राहते, तापते, झिजते. हे कळल्यावर चालत्या गाडीत क्लचवर पाय टेकवून ठेवायची सवय मी मोडली. पाय आता शेजारच्या मोकळ्या जागेत असतो. गुडघाही दुखायचा थांबला.

चढाचं प्रकरण मात्र लांबलं. आमचं सातारा अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी, त्यामुळे रस्ते चढ-उताराचे. गाडीत हिल होल्ड आहे. ब्रेकवरून पाय काढला तरी साधारण दोन सेकंद गाडी धरून ठेवते. सुरुवातीला त्याचा फार आधार वाटला. मग लक्षात आलं की भावाच्या जुन्या गाडीत हे नाही, म्हणजे मी पुन्हा शिकवणाऱ्याच्या क्लचवरच चालवतेय. तेव्हापासून हँडब्रेक ओढून चढावर गाडी काढायचा सराव सुरू केला. पहिला गिअर, क्लच पकडेपर्यंत सोडायचा, बॉनेट जरासं उचललेलं दिसतं, थोडी रेस, आणि मग हँडब्रेक खाली.

सप्टेंबरमध्ये कासची फुलं बघायला निघालो आणि रविवारच्या गर्दीत यवतेश्वर घाटात अडकलो. चढ, धुकं, मागे चिकटून उभी जीप. पाऊण तास रांग पाच-दहा फुटांनी पुढे सरकत होती. मी अर्ध्या क्लचवर गाडी तोलली नाही. पुढे गाडीभर जागा झाल्याशिवाय हललेच नाही, मागून हॉर्न वाजत राहिले तरी. गाडी एकदाही मागे आली नाही. मागच्या सीटवर आई जप करत होती, तीही वर पोहोचेपर्यंत गप्प झाली.

उतरताना दुसरा गिअर ठेवते, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रलवर घाट उतरणारे बघितले की जिवाचा थरकाप होतो.

शहरातलं मायलेज पहिल्या दोन महिन्यांत १३ च्या आसपास होतं, आता १७ मिळतं. गाडी तीच, रस्तेही तेच. एक सवय अजून जात नाही: दुसऱ्या गिअरवर आणायच्या जागी मी तिसऱ्यावरच वळण घेते आणि इंजिन कुंथतं. त्यावर काम चालू आहे.

मागच्या आठवड्यात दिरांची दहा वर्षं जुनी डिझेल गाडी घेऊन बाजारात जायचं होतं. तिचा क्लच पार वर आल्यावर पकडतो. अंगणातच उजवा पाय बाजूला ठेवला, नुसता क्लच सोडून तीन वेळा पुढे-मागे केली, पकड कुठे आहे ते पायाला कळलं. मग फाटक उघडायला सांगितलं.