रॉक्ससाठी थांबायचं की जिमनी उचलायची?

२०२४च्या घटस्थापनेला महिंद्राच्या थार रॉक्सचं बुकिंग उघडलं आणि तासाभरात १,७६,२१८ नोंदण्या पडल्या. त्या गर्दीत रांग लागणारच. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी हवी असेल तर डिझेलच घ्यावी लागते, पेट्रोलमध्ये ती मिळतच नाही. पण मागे तिघं ऐसपैस बसतात, हायवेला ताकद कमी पडत नाही. थांबायचं असेल तर एक लक्षात ठेवा: किंमत सहसा डिलिव्हरीच्या दिवशीची लागते, बुकिंगच्या नाही. आणि ‘ॲक्सेसरीज घ्या, गाडी लवकर देतो’ म्हणणाऱ्या सेल्समनला सरळ नाही म्हणा.

मारुतीच्या जिमनीची गंमत वेगळीच. गुरुग्राममध्ये बनणाऱ्या याच पाच दरवाजांच्या गाडीला जपानमध्ये २०२५ साली चार दिवसांत सुमारे ५०,००० ऑर्डर आल्या आणि बुकिंग बंद करावं लागलं. आपल्याकडे मात्र ती सवलतीत विकली गेली! लो-रेंज, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणारा गिअर, प्रत्येक व्हेरिएंटमध्ये, वजन बाराशे किलोच्या आसपास, त्यामुळे चिखलात रुतली तरी चार माणसं ढकलून काढतील. सीटा मात्र चारच, डिकी नावापुरती आणि घाटात ओव्हरटेक करताना इंजिन धापा टाकतं.

पाचजणांचं कुटुंब असेल तर रॉक्ससाठी थांबा. दोघंच भटकणार असाल, तर पावसाळ्याआधी जिमनी दारात आणा.