मऊ ब्रेक पेडल: हवा काढायची, वॉशर किट टाकायचं की अख्खा मास्टर सिलिंडर बदलायचा?

मारुती 800, ॲम्बेसेडर किंवा पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचं ब्रेक पेडल मऊ लागायला लागलं की गॅरेजमध्ये तीनपैकी एक सल्ला हमखास मिळतो: ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा काढू, मास्टर सिलिंडरला (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब आणणारा भाग) वॉशर किट (आतले नवे रबरी कप) टाकू, नाहीतर असेंब्लीच, म्हणजे अख्खा सिलिंडर, बदलू. तिन्हींच्या खर्चात बराच फरक आहे. यातलं नेमकं कोणतं काम लागणार, ते गाडी जागेवर उभी असतानाच पेडलवरून बऱ्यापैकी कळतं.

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) असेल तर त्यातला व्हॅक्यूम संपेल. मग दाबून अर्धा मिनिट धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकत राहिलं आणि चाकांपाशी किंवा पाइपांवर कुठेही ओल नसेल, तर मास्टर सिलिंडरमधला रबरी कप दाब धरत नाही. हीच चाचणी हलक्या पायानेही करा. जोरात दाबलं की झिजलेला कप भिंतीला घट्ट बसतो आणि दोष लपतो.

पेडल सरकत नाही, पण स्पंजासारखं दबतं, पंप मारल्यावर वर येऊनही लवचीकच राहतं? मग लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या दाबात खोल जातं आणि दुसऱ्या दाबात वर येऊन चांगलं कडक लागतं? तर वरच्या तिन्ही सल्ल्यांची गरज बहुधा नाही. हँडब्रेक ओढून पुन्हा दाबून पाहा. पेडल लगेच उंच आलं तर मागचे शू (चाकाच्या ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) ड्रमपासून लांब गेले आहेत. ॲडजस्टमेंट करून घ्या. शू आपोआप जवळ आणणारी यंत्रणा असेल तर ती बहुधा गंजून अडकलेली असते. ती सोडवून साफ करावी लागते. सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि सगळ्यात जास्त विसरलं जातं तेही हेच.

इंजिन सुरू करताना पायाखालचं पेडल किंचित खाली जातं, तो बिघाड नाही. बूस्टर चालू असल्याची ती खूण आहे.

हवा काढणं

ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल किंवा काळपट झालं असेल, तर नुसती हवा काढून थांबू नका, सगळं ऑइल बदला. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. डॉट 3 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश असतो, 3.7 टक्के पाणी मुरल्यावर तो 140 पर्यंत उतरू शकतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. म्हणून सपाटीवर बरं वाटणारं पेडल खंबाटकीसारखा घाट उतरताना अचानक मऊ पडतं आणि गाडी थंड झाली की पुन्हा ठीक होतं. अशा वेळी मास्टर सिलिंडर बदलून काही उपयोग नाही. डॉट 3 च्या जागी डॉट 4 चालतं. सिलिकॉनवालं डॉट 5 मात्र यात मिसळू नका. आणि नाव ‘ऑइल’ असलं तरी यात इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये. रबर फुगून सगळे वॉशर निकामी होतात.

500 मिलीचे दोन सीलबंद डबे आणा. मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकापासून सुरुवात करायची: उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत साधारणपणे मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. निपलला (चाकापाशी हवा सोडायचा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव ते अर्धा फेरा सोडून घट्ट करायचं, त्यानंतरच पाय उचलायचा. टाकी मिनिममच्या खाली गेली की पुन्हा हवा आत आणि सगळी मेहनत पाण्यात.

पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा. एरवी कप जिथपर्यंत कधी पोचत नाही, तिथे सिलिंडरमध्ये गाळ आणि गंज साठलेला असतो. पेडल थेट तळापर्यंत नेलं की कप त्यावर घासून फाटतो. ‘हवा काढल्यावर मास्टर सिलिंडर गेला’ म्हणतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

तासभर पंप मारूनही हवा संपत नसेल तर पुढचे कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारे भाग) पाहा. निपल वरच्या बाजूला हवं. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला की ते खाली येतं आणि वरची हवा कधीच निघत नाही. होस पाइपही पाहा. सोबत्याला पेडल दाबायला सांगा. पाइप फुगताना दिसला तर तो बदलण्यावाचून इलाज नाही.

किट की असेंब्ली

पेडल खाली सरकत असेल तरच हा प्रश्न येतो. किट स्वस्त, पण त्यात फक्त रबर नवं येतं. सिलिंडरची आतली भिंत जुनीच राहते. म्हणून सिलिंडर खोलून, स्पिरिटने पुसून, उजेडात भिंत पाहिल्याशिवाय किट विकत घेऊ नका. भिंत आरशासारखी असेल तर किट पुरतं. नखाला लागणारा ओरखडा किंवा गंजाचे खड्डे दिसले तर नवे कपही लवकरच जातील. बिडाचा सिलिंडर असेल तर हलका होन मारता येतो, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करता येतो. ॲल्युमिनियमला ते करू नये, वरचा कठीण थर निघून जातो.

पंधरा वर्षांपुढची गाडी, ॲल्युमिनियमचा सिलिंडर आणि मागून बूस्टरवर ऑइल गळून रंग सुटलेला, एवढं दिसलं तर थेट असेंब्ली घ्या. किट टाकून पुन्हा खोलण्यात मजुरी दोनदा जाते. पद्मिनीसारख्या गाडीला नवा चांगला भाग मिळत नसेल, तर जुन्या सिलिंडरला पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतली नवी नळी) बसवून घेणं हा तिसरा मार्ग.

नवा सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी शिकंज्यात धरून त्यातली हवा काढून घ्या, नाहीतर पेडल मऊच राहतं आणि दोष नव्या भागावर येतो. मागच्या ड्रममध्ये ओल असेल तर व्हील सिलिंडर (शूला ढकलणारे छोटे सिलिंडर) दोन्ही बाजूंचे एकदम करा. ऑइलने भिजलेले शू धुऊन वापरू नका, तेही जोडीनेच बदला.

पेडल सरकत असेल तर गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, टोइंग करून न्या. काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट धरा, मग मोकळ्या जागी चालण्याच्या वेगाने दोन-तीनदा ब्रेक लावून पाहा. बॉडीवर ऑइल सांडलं असेल तर न घासता लगेच भरपूर पाणी ओता, रंग वाचेल.