कॉन्सल मोठा की ट्रिब्यून?
रोमन प्रजासत्ताकात दरवर्षी दोन कॉन्सल, म्हणजे सर्वोच्च अधिकारी, निवडले जात. सैन्य त्यांच्या हाती, पुढे दंडांच्या मोळ्या घेतलेले बारा लिक्टर, म्हणजे अंगरक्षक सेवक. प्लेबियनांना, म्हणजे सामान्य नागरिकांना, हे पद इ.स.पू. ३६७ च्या कायद्याने खुले झाले.

ट्रिब्यून हा प्लेबियनांचा रक्षक; त्याच्याकडे ना फौज, ना लिक्टर. इ.स.पू. ४९४ मध्ये कर्जाने पिचलेले प्लेबियन शहर सोडून गेले, तेव्हा कुठे हे पद मिळाले. पण शहरात त्याचा नकार कॉन्सलचाही हुकूम रोखे. गाऱ्हाणे घेऊन येणाऱ्यांसाठी त्याचे दार रात्रंदिवस उघडे. मला हेच पद थोर वाटते. ट्रिब्यूनला हात लावणे महापाप. तरी जमीनवाटपासाठी झगडणाऱ्या ट्रिब्यून टायबेरियस ग्रॅकसला इ.स.पू. १३३ मध्ये सिनेटरांच्या जमावाने ठेचून मारले! पहिल्या सम्राटाने, ऑगस्टसने, मर्म ओळखले: इ.स.पू. २३ मध्ये कॉन्सलपद सोडून ट्रिब्यूनचे अधिकार तहहयात घेतले.